वचन देवाचं, तारीख कोणाची?

घणसोलीहून एका ताईंचं पाच पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते.

वय ३९. मराठी ख्रिस्ती कुटुंब, नववीतली एक मुलगी, सोबत सासूबाई. नवरा रबाळ्याच्या एका रसायन कारखान्यात सतरा वर्षं होता, शेवटची सहा वर्षं शिफ्ट इन्चार्ज. कारखाना गुजरातला हलला, हिशेब मिळाला, आणि तो घरी बसला त्याला सोळा महिने झाले. घर ताईंच्या शिकवण्यांवर चालतं. गेल्या वर्षी घरगुती प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका प्रचारकांनी नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘नाताळाच्या आत प्रभू तुला दुप्पट देणार.’ त्याच सभेत ‘विश्वासाचं बीज’ म्हणून या घरातून अकरा हजार रुपये गेले. नाताळही गेला. मग तळोज्याच्या एका गोदामात स्टोअर्स सुपरवायझरची जागा चालून आली. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. नवऱ्यानं नकार दिला: ‘हा इश्माएल आहे. मला इसहाकाची वाट पाहायची आहे.’ (बायबलमधल्या अब्रामाचे हे दोन मुलगे. इश्माएल दासीपासून झालेला, इसहाक देवानं वचन दिलेला.)

ताई लिहितात, ‘ते तासन्‌तास गुडघ्यांवर असतात आणि मी ओट्याशी भांडी आपटते. मला आता प्रार्थनेला बसवत नाही. माझ्याच अविश्वासामुळे उत्तर अडलंय का? बांगड्या गहाण ठेवल्यात, ते त्यांना सांगितलेलं नाही, पावती तांदळाच्या डब्यात आहे. त्यांना नोकरी धरायला सांगितली तर मी देवाच्या आड येते का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजरेतून सुटलेलं एक वाक्य दुसऱ्यांदा वाचताना अडकलं: ‘भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मया २९:११ आहे, मी त्याच्याकडे पाठ करून पोळ्या लाटते.’ तिथूनच सुरुवात करू या.

हे वचन आपल्यातल्या निम्म्या घरांत टांगलेलं असतं. लग्नपत्रिकेवर असतं, एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेत वर्षाचं वचन म्हणून उचललेल्या कार्डावर हमखास येतं. माझ्याकडे अशी दोन कार्डं आहेत. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत, असा त्याचा आशय. पण त्याच्या आधीचं, दहावं वचन कॅलेंडरवर कोणी छापत नाही. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना संदेष्टा यिर्मयानं ते यरुशलेमेहून पाठवलं. आणि दहाव्या वचनात देव सांगतो, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे जी कर्ती माणसं ते पत्र ऐकत होती, त्यांतली बहुतेक परत येणारच नव्हती. हिताचे संकल्प त्यांच्यासाठीही होते, फक्त ते परतीच्या तिकिटासारखे नव्हते. मग तोवर त्यांनी काय करायचं? पाचवं आणि सहावं वचन: घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. सातवं: ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे, त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. तो मंदिरात सगळ्या लोकांसमोर सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयानं मानेवर लाकडी जू घेतलेलं असतं, ते हनन्या काढून मोडूनही टाकतो. लोकांना कोण आवडला असेल, हे सांगायला नको. मला या गोष्टीत सर्वांत भावतं ते यिर्मयाचं उत्तर. तो भांडत नाही. म्हणतो, ‘आमेन, परमेश्वर असंच करो.’ त्यालाही दोन वर्षांत व्हायला हवंच होतं की! पण हवं असणं आणि देवानं सांगितलेलं असणं यांतला फरक त्याला कळत होता. (हनन्याचं पुढं काय झालं ते तुम्ही स्वतः वाचा. मी सांगत नाही, कारण तुमच्याकडे आलेल्या त्या प्रचारकांचं वाईट चिंतायचं नाहीये मला.)

तर ताई, तुमच्या घरात एकाच भिंतीवर दोन वचनं टांगली गेली आहेत, ती आधी वेगळी करा. ‘मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही’ हे शास्त्रात आहे. ‘नाताळाच्या आत दुप्पट’ हे नाही. ‘दुप्पट’ हा शब्द सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकात, शेवटच्या अध्यायात सापडतो खरा, पण ईयोबाला आधी कोणी तारीख दिली नव्हती, राखेत बसला होता तेव्हा त्याच्यापुढे दानाची थाळीही फिरवली नव्हती. नाताळ उलटून गेला तेव्हा देवाचं वचन मोडलं नाही, एका माणसाचा अंदाज चुकला. तुमचे यजमान या दोन गोष्टींची गाठ मारून बसले आहेत, म्हणून त्यांना अंदाज सोडताना देवच सुटेल अशी भीती वाटत असणार. हे मूर्खपणाचं नाही. सोळा महिने घरी बसलेल्या माणसाला कोणी डोक्यावर हात ठेवून तारीख दिली, तर तो ती घट्ट धरणारच.

आता इश्माएल. हा शब्द आपल्या सभांमध्ये इतका स्वस्त झाला आहे की जे मनाजोगं नाही ते सगळं इश्माएल! मूळ गोष्ट बघा. देवानं अब्रामाला संततीचं वचन दिलं होतं. हारान सोडलं तेव्हा अब्राम ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००. मध्ये पंचवीस वर्षं. दहा वर्षं वाट पाहून त्याच्या बायकोनं, सारायनं (हीच पुढं सारा), आपली मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी हागार नवऱ्याला दिली. तिला झालेला मुलगा इश्माएल. त्यात चूक काय झाली? त्यांनी ‘काहीतरी केलं’ ही चूक नव्हती. त्या पंचवीस वर्षांत अब्रामानं पुष्कळ काही केलं. मेंढरं राखली, दुष्काळात मिसरला गेला, ३१८ माणसं घेऊन पुतण्याला शत्रूच्या हातून सोडवून आणलं. चूक ही, की स्वतःच्या वाट पाहण्याचा खर्च त्यांनी एका दासीच्या अंगावर टाकला. तिला कोणी विचारलंही नाही. आणि नंतर तिला मुलासकट, पाण्याची कातडी पिशवी देऊन रानात घालवून दिलं.

गोदामात माल मोजून महिन्याचा पगार घरी आणण्यात कोणाच्या अंगावर काय पडतं? मला तर तुमच्या घरात हागारेची जागा कोणाकडे आली आहे, याची काळजी वाटते. शिकवण्या कोण घेतं, बांगड्या कोणाच्या गेल्या?

आणखी एक गंमत. ‘इश्माएल’ या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. रानात तो मुलगा रडला तेव्हा देवानं त्याचंही ऐकलं, त्याचंही मोठं राष्ट्र करण्याचं वचन दिलं. ज्या नावानं यजमानांनी तळोज्याची नोकरी परत पाठवली, त्या नावात प्रार्थना ऐकली गेल्याची ग्वाही आहे. हे त्यांना जिंकण्यासाठी म्हणून सांगू नका. पण कधीतरी दोघांनी मिळून उत्पत्तीचा सोळावा आणि एकविसावा अध्याय सलग वाचा.

दुसरं नाव इसहाक. त्याचा अर्थ ‘हसणं’. का, तर वचन ऐकून सारा तंबूच्या दाराआड हसली होती. पटलंच नव्हतं तिला. नव्वदीच्या बाईला पटावं तरी कसं? देवानं विचारलं, का हसलीस? ती म्हणाली, मी नाही हसले. तो म्हणाला, हसलीस. बस, एवढंच. वचन मागे घेतलं नाही, उलट तिचं हसणंच मुलाचं नाव झालं. तुम्ही भांडी आपटता म्हणून देव उत्तर अडवून बसला असेल, तर सारेला कधीच मूल झालं नसतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाला मूत्रपिंडाचा विकार होता. आम्ही घरच्यांनी तीन वर्षं दर शुक्रवारी उपास धरला, कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या ओळखीच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्यासाठी प्रार्थना चालायच्या. तो गेला. दफनविधीहून परतताना एक बाई माझ्या आईला म्हणाल्या, ‘कुठंतरी विश्वास कमी पडला हो.’ आईनं ते वाक्य मरेपर्यंत पदराला बांधून ठेवलं. रात्री उठून विचारायची, कोणाचा गं कमी पडला, माझा का? तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता सुचतं. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः मागितलं, हा प्याला टळो. टळला नाही. तिथं कोणाचा विश्वास कमी पडला होता? आपल्याला ‘नाही’ हे उत्तर ऐकू येत नाही, म्हणून आपण ते कोणाच्या तरी खात्यावर टाकतो. बहुतेकदा घरातल्या बाईच्या.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुमच्यामुळे काही अडलेलं नाही.

प्रार्थनेला बसवत नाही, तर बसू नका. ओट्याशी उभं राहून बोला. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोनच ओळींत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तो प्रश्न शास्त्रात राहू दिला आहे, कोणी खोडला नाही. भांडी आपटणं ही त्याचीच तुमची आवृत्ती समजा.

आता यजमानांविषयी. तुम्ही पत्रात त्यांना ‘विश्वासात बळकट’ आणि स्वतःला ‘कच्ची’ म्हटलं आहे. मला त्या बळकटपणाखाली काहीतरी दुखरं दिसतं. सतरा वर्षं एका ठिकाणी काढलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या गृहस्थाला उद्या गोदामात कदाचित अठ्ठावीस वर्षांचा साहेब असेल. संगणकावरची मालनोंद त्यांना जमेल की नाही, ही धास्ती असेल. मंडळीत साक्ष द्यायची तर ‘दुप्पट’ची द्यायची, निम्म्याची कशी द्यायची? ‘मी वचनाची वाट पाहतोय’ म्हणणं सोपं जातं. ‘मला लाज वाटते’ म्हणणं अवघड. मी चुकत असेन, तुम्ही त्यांना ओळखता. पण एक गोष्ट मात्र करू नका. ‘जो काम करत नाही त्यानं खाऊ नये’ हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं वचन त्यांच्या ताटावर फेकू नका. ते काम टाळणाऱ्यांना उद्देशून आहे. तुमचे यजमान काम टाळत नसावेत, घाबरले असावेत.

वाट पाहणं म्हणजे काय, हे नवी मुंबईकरांना मी काय सांगणार! बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. साडेबारा वर्षं नुसते खांब पाहिले लोकांनी. पण खारघरचा एकही माणूस खांबाखाली डबा घेऊन बसून राहिला नाही. एनएमएमटीची बस धरली, शेअर रिक्षा धरली, कामाला गेला. बस धरली म्हणून मेट्रोवर अविश्वास दाखवला असं कोणी म्हटलं नाही आणि मेट्रो काही रुसून थांबली नाही. योगायोग असा, की आज घणसोलीहून पनवेल लोकल धरून बेलापूरला उतरलं की तीच मेट्रो पेंधरला, म्हणजे तळोज्याच्या दाराशी नेऊन सोडते.

तुमच्या घणसोलीच्या गावठाणातल्या एखाद्या आगरी आजीला साडेबारा टक्क्यांबद्दल विचारा. नवी मुंबई वसवताना सिडकोनं जमिनी घेतल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठं योजना आली. मग कागदांसाठी हेलपाटे वेगळे. त्या पिढीनं वाट पाहिली, पण हात बांधून नाही. न थकता प्रार्थना करावी हे शिकवताना येशूनंही दाखला दिला तो न्यायाधीशाच्या दारी हेलपाटे घालणाऱ्या विधवेचा, डोळे मिटून बसलेल्या कोणाचा नव्हे.

हे सदर वाचणारे सगळेच चर्चला जाणारे नसतात. नवस बोललेल्या, पारायणं मांडलेल्या, ‘गुरुजींनी श्रावण म्हणून सांगितलंय’ म्हणत मुलाच्या लग्नाची किंवा मुलीच्या बाळाची वाट पाहणाऱ्या कितीतरी जणींची पत्रं माझ्याकडे येतात. त्यांना पुंडलिकाची आठवण करून देते. देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांची सेवा करत होता. त्यानं वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. समोरचं काम उरकणाऱ्यावर देव रागावल्याचं निदान या कथेत तरी नाही. आणि अशा सगळ्यांनाच मी दोन प्रश्न विचारते. तारीख कोणी सांगितली, आणि ती सांगताना पैसे कोणाकडे गेले? या वाट पाहण्याचा रोजचा खर्च कोण भरतंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या एकाच माणसाचं नाव असेल, तर ती वाट सगळ्यांची नाही.

आता करायचं काय. यजमानांशी बोला, पण रात्री घरात नको, सासूबाई आणि मुलगी भिंतीपलीकडे असताना तर नकोच. वाशीला सागर विहारला जाऊन बसा दोघं. देवाविषयी वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल, ते दिवसभर तयारी करून बसलेत. एवढंच विचारा, ‘तळोज्याला गेलात तर सर्वांत जास्त कशाची भीती वाटते?’ आणि मग गप्प बसा. उत्तर यायला अर्धा तास लागला तरी चालेल. मग म्हणा, ‘इसहाकाची वाट मीही पाहते. तोवर सहा महिने तळोज्याला जाऊ या. सहा महिन्यांनी पुन्हा इथंच बसून ठरवू.’ ही मुदत देवाला घातलेली नाही, तुमची तुम्हांला आहे.

तुमच्या पाळकसाहेबांकडे दोघं मिळून जा. एकटीनं जाऊन गाऱ्हाणं सांगितलंत तर घरी आल्यावर ते चुगली ठरेल. पाळकांना थेट विचारा, कमी पगाराची प्रामाणिक नोकरी घेणं अविश्वास आहे का? पौल करिंथात सुवार्ता सांगत होता तेव्हा तंबू शिवून पोट भरत होता, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं समजावतील. पुरुषानं पुरुषाला सांगितलेलं कधीकधी लवकर उतरतं. मला हे आवडत नाही, पण तसं आहे.

‘बीज’ म्हणून यापुढे एक रुपयाही नको. दान ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीनं नको, हेही पौलानंच लिहिलं आहे. डोक्यावर हात ठेवल्या ठेवल्या दिलेले पैसे मनात ठरवलेले नसतात. गेलेल्या अकरा हजारांवरून आता भांडण उकरू नका.

आणखी एक, हे जरा गंभीरपणे सांगते. यजमानांची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, माणसांत जाणं बंद झालं असेल, गुडघ्यांवरचे तास वाढत असूनही चेहरा विझत चालला असेल, तर तो नुसता विश्वासाचा प्रश्न राहत नाही. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन तुम्हीही करू शकता. प्रार्थना सुरू ठेवून डॉक्टरकडे जाता येतं, मधुमेहाला जातोच की आपण.

मुलीनं विचारलेला प्रश्न तुम्ही पत्राच्या कडेला, समासात लिहिला आहे: ‘पप्पांचं उत्तर कधी येणार?’ तिला खोटी तारीख देऊ नका. एका तारखेनं काय केलं ते तिनं पाहिलंय. म्हणा, माहीत नाही बाळा, पण आपण कामाला लागलोय.

तळोज्याच्या त्या माणसाला यजमानांनी स्वतः फोन करायला हवा, तुम्ही नको. जागा भरली असण्याची शक्यता आहे. तशी असेल तर ‘आणखी कुठं असेल तर सांगा’ एवढं म्हणून ठेवायचं. गोदामवाले एकमेकांना ओळखतात.

पण या सगळ्याच्या आधी एक काम तुमचं. त्यांना मनातलं सांगा म्हणायचं आणि स्वतः पावती तांदळात पुरून ठेवायची, हे जमणार नाही. सागर विहारला जाताना ती पर्समध्ये घ्या. त्यांनी भीती सांगितली की तुम्ही पावती दाखवा. चिडतील, कदाचित रडतील. गहाणाची मुदत कधी संपते ते मात्र तिथंच, दोघांनी एकत्र वाचा.

तुमची,
सदरातली ताई